कुणाची भिंत?

माझ्या मामेभावाने लिहिलेल्या एका रॅपमध्ये दोन ओळी आहेत.

भिंत फोडून घालीन घाव,
जाळीवर लिवीन रगतानं नाव.

या दोन ओळींपायी त्याला एका पोलीस चौकीत पाऊण तास बसून राहावे लागले. मामा आणि मी त्याच्यासोबत होतो. यावर काही लिहावे असे तेव्हापासून मनात होते, पण सत्र परीक्षा होती आणि खरे सांगायचे तर लिहिण्यासारखी माझी स्वतःची बाजूही फारशी चांगली नव्हती. आता परीक्षा संपली आहे, आणि त्या बाजूसकट लिहिते आहे.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगण्याची गरज नाही. बाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी एवढेच सांगते, की इथल्या संघांची नावे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशी असतात. ज्या तालमींत एकेकाळी फक्त लाल माती अंगाला लागत होती, त्याच तालमींची पोरे आज शाहू स्टेडियमवर चेंडूमागे धावतात, आणि सामना असला की पेठेतली दुकाने अर्ध्या शटरवर येतात. हलगी, घुमके, झेंडे, सगळे असते. सामना संपल्यावर कधीमधी हाणामारीही असते, हेही लपवण्यात अर्थ नाही. माझा मामेभाऊ कोणत्या संघातून खेळतो हे इथे मुद्दामच लिहीत नाही, कारण ते लिहिले की खालच्या प्रतिक्रियांमध्ये मूळ विषय बाजूला पडेल आणि दोन पेठांचा सामना सुरू होईल.

तर अशाच एका सामन्यानंतर एका बोळात मारामारी झाली आणि एका मुलाच्या डोक्याला टाके पडले. तक्रारीत चारपाच नावे होती आणि शेवटी ‘इतर दहा-बारा जण’ असे होते. या ‘इतर’ शब्दात कोणालाही बसवता येते. कुणीतरी चौकीत सांगितले, की तो रॅप म्हणणारा पोरगाही त्यांच्यातलाच आहे, आणि त्याचे इन्स्टाग्राम दाखवले. झाले, संध्याकाळी मामाला फोन आला.

मामाने पुढचा फोन मला केला. कायद्याच्या चौथ्या वर्षाला असलेली मुलगी घरात असली की घरच्यांना ती अर्धी वकील वाटते. मामाचे बोलणे ऐकत असताना माझ्या मनात पहिले वाक्य जे उमटले, ते मी इथे जसेच्या तसे लिहिते: ‘शेवटी केलंच यानं.’

त्याने काय केले, कधी केले, केले की नाही, यातले एकही अक्षर मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला ठाऊक होती ती त्याची गाणी. एका बाजूने भादरलेले आणि दुसऱ्या बाजूने वाढवलेले केस, मनगटावरचे गोंदण, आणि घरात कुणी आले तरी कानातून न निघणारे हेडफोन. ज्याला मी पाळण्यात झोके दिले, जो भटक्या कुत्र्याला दगड मारणाऱ्याशी भांडतो, जो हरल्यावर मामीच्या मागे जाऊन रडतो, त्याच्या विरुद्ध निकाल द्यायला मला दोन सेकंद लागले.

चौकीतले साहेब वाईट नव्हते, हे आधी सांगते. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. नुकतेच बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आले होते आणि थकलेले दिसत होते. त्यांनी मोबाईल समोर धरून त्या दोन ओळी शाळेतल्या धड्यासारख्या सावकाश वाचल्या आणि विचारले, “हे तूच लिहिलंयस ना? मग सांग. कुणाची भिंत? कुणाचं रक्त?”

मामेभाऊ म्हणाला, “साहेब, फ्री किकची भिंत.”

“फ्री काय?”

दाराशी उभे असलेले हवालदार कोल्हापूरचेच होते. त्यांना राहवले नाही. “साहेब, डिफेन्सची पोरं अशी एका ओळीत हुबी ऱ्हात्यात. भिंतच म्हणत्यात तिला. आणि जाळी म्हंजे गोलची जाळी.” मग ते मामेभावाकडे वळून म्हणाले, “डाव्या पायानं मारतोस व्हय?”

साहेबांना ते फारसे पटले नाही. घाव, रक्त, फोडणे असले शब्द चांगल्या घरातल्या मुलाला सुचतीलच का, असा त्यांचा प्रश्न होता. आम्हाला सोडले ते कवितेच्या रसग्रहणामुळे नव्हे. मारामारीच्या वेळी हा मुलगा मुरगळलेला घोटा घेऊन एका एक्स-रे केंद्रात बसला होता आणि मामाच्या खिशात त्या केंद्राची पावती होती, तिच्यावर संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे छापलेली होती. ती पावती नसती तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही करते. चार वर्षे कायदा शिकणाऱ्या मला तिथे एवढेही विचारायचे सुचले नाही, की संशयित म्हणून बोलावले असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची लेखी नोटीस कुठे आहे. मी खुर्चीच्या काठावर बसून ओढणीचे टोक गुंडाळत होते.

आता थोडे कायद्याविषयी. फौजदारी खटल्यात आरोपीचे चांगले चारित्र्य पुराव्यात येऊ शकते, पण त्याचे वाईट चारित्र्य येऊ शकत नाही. आरोपीने आपण होऊन चांगुलपणाचा पुरावा पुढे केला तरच सरकारी पक्षाला त्याचे उत्तर देता येते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ५४ होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ४९ आहे. माणूस वाईट आहे म्हणून हे त्यानेच केले असेल, हा तर्क कायद्याने दारातच अडवला आहे. त्यामागे मोठे शहाणपण आहे. असा पुरावा निरुपयोगी असतो म्हणून तो अडवलेला नाही. तो ऐकणाऱ्याच्या मनावर गरजेपेक्षा फार जास्त काम करतो, म्हणून अडवला आहे. एकदा का माणूस वाईट ठरला, की बाकीचा पुरावा तपासायचा कंटाळा येतो.

अर्थात हे कलम न्यायालयासाठी आहे. चौकीतल्या तपासाला ते बांधत नाही, आणि लिहिलेला मजकूर कधीच पुरावा होऊ शकत नाही असेही नाही. एखाद्याने गाण्यात ठरावीक माणसाचे नाव, ठरावीक जागा आणि फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असेल असा तपशील घातला, तर हेतू किंवा माहिती सिद्ध करायला ते गाणे येऊ शकेल. पण मग तो दुवा दाखवावा लागेल. ‘रक्त’ हा शब्द म्हणजे दुवा नव्हे.

हा प्रश्न अमेरिकेतल्या न्यायालयांपुढे अनेकदा आला आहे, कारण रॅप तिथले. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात ऑगस्ट १९७३ मध्ये एका इमारतीतल्या घरगुती समारंभात, रॅप ज्याचा भाग आहे त्या हिप-हॉपचा जन्म झाला असे मानतात, आणि तेव्हापासून गरीब, काळ्या वस्त्यांतल्या पोरांची ही भाषा तिथल्या सरकारी वकिलांनी कबुलीजबाबासारखी वाचली आहे. न्यू जर्सी राज्यातल्या स्किनर खटल्यात खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपासाठी आरोपीच्या वहीतली रॅपची तेरा पाने ज्युरीसमोर वाचून दाखवण्यात आली होती, आणि त्यातल्या बऱ्याच ओळी घटनेच्या कितीतरी आधी लिहिलेल्या होत्या. २०१४ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवले. शेरीफला गोळी घातल्याचे गाणे बॉब मार्लीने म्हटले म्हणून त्याने खरोखर गोळी घातली असे कुणी समजत नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. कॅलिफोर्नियाने तर २०२२ साली कायदाच केला, की कलाकृती पुराव्यात घेण्यापूर्वी न्यायाधीशाने तिच्यामुळे पूर्वग्रह किती निर्माण होईल हे तोलून पाहावे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खिळवून ठेवले ते एका साध्या प्रयोगाने. कॅरी फ्राइड या मानसशास्त्राच्या अभ्यासक महिलेने १९९६ साली तो प्रसिद्ध केला. तिने १९६० च्या सुमाराचे एक जुने लोकगीत घेतले, ज्यात गाणारा एका पोलीस अधिकाऱ्याला मारल्याचे सांगतो. तेच शब्द काही लोकांना ‘हे रॅप आहे’ म्हणून वाचायला दिले आणि काहींना ‘हे कंट्री संगीत आहे’ म्हणून; कंट्री म्हणजे मुख्यतः तिथल्या गोऱ्या, ग्रामीण लोकांचे मानले जाणारे संगीत. ज्यांना रॅप म्हणून सांगितले होते, त्यांना ते शब्द अधिक धोकादायक आणि आक्षेपार्ह वाटले. शब्द तेच, कानामात्रेचाही फरक नाही. वीस वर्षांनी, २०१६ साली दुसऱ्या संशोधकांनी असाच प्रयोग पुन्हा केला आणि निष्कर्ष तोच निघाला.

हा प्रयोग कोल्हापुरात करायला कुठल्या विद्यापीठाचे अनुदान लागणार नाही. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या या गावात आपण पोवाडे ऐकत वाढलो. अफझलखानाच्या वधाच्या पोवाड्यात पोट फाडले जाते, आतडी बाहेर येतात, आणि ते ऐकताना शाळेतल्या गॅदरिंगला पुढच्या रांगेत बसलेले पाहुणे टाळ्या वाजवतात. शाहिराला कुणी विचारत नाही, की वाघनखे कुठे लपवली आहेत. उलट डफावर थाप पडली की आपल्याही अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. तमाशातल्या सवाल-जवाबात समोरच्याची जी उतरवली जाते, तिच्यापुढे आजची रॅपची लढत काहीच नाही. मग यमक तेच, आवेश तोच, समोरच्याला ललकारण्याची रीत तीच असताना फेट्यातल्या माणसाने म्हटले की वीररस, आणि टोपी उलटी घातलेल्या पोराने म्हटले की गुन्हेगारी वृत्ती, हे आपण कशावरून ठरवतो?

इथे एक आडवळण घेते, कारण ते घेतले नाही तर ही पोस्ट अप्रामाणिक होईल. मामेभावाची सगळी गाणी मला आवडत नाहीत. त्याच्या एका गाण्यात आईबहिणींवरून इतक्या शिव्या आहेत, की मी ते त्याच्यासमोरच बंद केले. तो म्हणाला, “ताई, ते मी न्हाई बोलत, ते कॅरेक्टर बोलतंय.” मी म्हणाले, तुझ्या प्रत्येक कॅरेक्टरला बायकांचाच राग कसा येतो? त्याच्याकडे उत्तर नव्हते. जे संगीत अन्यायाविरुद्धचा आवाज म्हणून मिरवते, त्यात बाईची जागा इतकी वाईट असावी, याचा मला एक ऐकणारी म्हणून त्रास होतो, आणि ‘आमच्या वस्तीत असंच बोलतात’ हे उत्तर मला पुरत नाही. वस्तीत मीही राहते. पण गाणे वाईट आहे असे म्हणणे आणि गाणाऱ्याने गुन्हा केला असे म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेबमालिकेच्या प्रकरणात शिवराळ भाषा आणि अश्लीलता यांत फरक केला, आणि शिवी ऐकून किळस आली म्हणजे ती कायद्याच्या अर्थाने अश्लील ठरत नाही असे सांगितले. मला तो निकाल पटतो. शिव्यांचा हिशेब मामेभावाशी मी करीन, मामी करील. त्याला फौजदारी कलम लागू नये.

आता मैदानाकडे येते, कारण पूर्वग्रहाची माझी पहिली शिकवणी तिथे झाली आणि त्या वर्गात मी चुकीच्या बाकावर बसले होते.

दहावीत असताना मामासोबत एक सामना पाहायला गेले होते. समोरच्या संघात एक आफ्रिकी आघाडीपटू होता. इथले संघ कधीकधी असे परदेशी खेळाडू आणतात. त्याच्या पायात चेंडू आला की आमच्या बाजूच्या गर्दीतून माकडाचे आवाज निघत होते. कुणीतरी केळ्याची साल फेकली, ती मैदानापर्यंत पोहोचलीच नाही, खालच्या पायरीवर एका आजोबांच्या टोपीवर पडली. मी हसले. सालीला हसले की आवाजाला, असे आज स्वतःला विचारते तेव्हा सोयीचे उत्तर साल हे येते. पण मी साल पडण्याआधीपासून हसत होते. तो खेळाडू एकदा कोपऱ्यावरून चेंडू मारायला आमच्या अगदी जवळ आला. त्याने वर पाहिले नाही. चेंडू ठेवला, मोजा वर ओढला, पुन्हा चेंडू थोडा सरकवला. त्याला मराठी येत नव्हते, पण त्या आवाजाला भाषा लागत नाही.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात आपला महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून हरला, आणि त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करणाऱ्या वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर काही जणांनी फटाके वाजवले, जातीवरून शिवीगाळ केली. मी व्हॉट्सॲपवर लगेच संतापाचे स्टेटस ठेवले. ते ठेवताना केळ्याची साल मला आठवली नाही. दुसऱ्याच्या गावातला पूर्वग्रह किती स्वच्छ दिसतो!

आपल्याकडे अडचण अशी, की आपण शाहूंच्या गावातले. २६ जुलै १९०२ ला ज्या राजाने आपल्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले आणि तिथे स्वतः जाऊन चहा घेतला, त्याच्या नावाच्या स्टेडियमशेजारी आपण राहतो, आणि त्यामुळे पूर्वग्रह ही गोष्ट आपल्याकडे शाहू गेले त्या १९२२ सालीच संपली अशी आपली समजूत झालेली आहे. त्याच काळात पुण्यात पळवणकर बाळू हा दलित समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज हिंदूंच्या संघातून खेळत होता. चेंडू सगळे त्याच्याच हातून घेत होते, पण चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळत होता. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. मला त्या दोन्ही चहांमधले अंतर मैलांत मोजावेसे वाटत नाही. ते एका पेठेतसुद्धा असू शकते. भाड्याने खोली शोधताना माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला आडनाव विचारून झाल्यावर ‘खोली कालच गेली’ असे उत्तर मिळाले, ही या वर्षीची गोष्ट आहे.

कायदा इथे कुठवर पोहोचतो? जातीवरून सर्वांसमक्ष अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि प्रेक्षकांनी भरलेल्या मैदानापेक्षा ‘सर्वांसमक्ष’ दुसरे काय असेल? पण त्या आफ्रिकी खेळाडूसाठी तो कायदा नाही. ईशान्येकडच्या निडो तानिया या तरुणाचा जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी दंडविधानात स्वतंत्र कलम घालावे अशी शिफारस केली होती. नवी न्याय संहिता आली, पण ते कलम आले नाही. स्पेनमध्ये व्हिनिसियस ज्युनियर या ब्राझीलच्या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूला वर्णावरून शिव्या देणाऱ्या तीन प्रेक्षकांना जून २०२४ मध्ये आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. तिथली ती अशी पहिलीच शिक्षा होती. त्या बातमीखाली ‘एवढ्याशा गोष्टीसाठी कैद?’ असे लिहिणाऱ्यांत माझ्या ओळखीचे दोघे होते, आणि दोघेही रविवारी पहिल्या रांगेत असतात.

‘आम्ही प्रेमाने म्हणतो’ हाही एक बचाव असतो. वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी याने २०२० मध्ये सांगितले, की आयपीएलमध्ये सहकारी त्याला ‘काळू’ म्हणत आणि त्या शब्दाचा अर्थ त्याला पुष्कळ नंतर कळला. आपल्या पेठांत प्रत्येक गल्लीत एक काळ्या असतो, तो स्वतःही त्या नावाला ओ देतो, त्यामुळे आपल्याला यात काही वाटत नाही. त्याला काय वाटते हे विचारायची पद्धत नाही. मी आमच्या गल्लीतल्या काळ्याला परवा विचारले. तो गाडी पुसत होता. म्हणाला, “आता बँकेच्या पासबुकावरचं नाव कुणी हाक मारलं तर मीच मागं बघत न्हाई.” आणि पुसत राहिला.

चौकीतल्या त्या साहेबांवर मला राग धरता येत नाही, तो यामुळे. त्यांनी एका अनोळखी पोराच्या दोन ओळी वाचल्या आणि चुकीचा अर्थ लावला. अर्थ लावण्यापूर्वी निदान ‘कुणाची भिंत’ असे विचारले तरी. मी त्या पोराला वीस वर्षे ओळखते, ती भिंत फ्री किकची आहे हे मला चांगले ठाऊक होते, कारण ते गाणे त्याने पहिल्यांदा मलाच ऐकवले होते, आणि तरी फोन आला तेव्हा मी काहीच विचारले नाही.

हे मी त्याला सांगितले. परीक्षेनंतर रंकाळ्यावर भेळ खाताना, मान खाली घालून. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “पप्पांना बी तसंच वाटलं हुतं. मला त्यांच्या तोंडावरनं कळालं.” मग त्याने मोबाईल काढून त्या गाण्याची नवी प्रत दाखवली. भिंत तशीच होती, घावही होता. रगत गेले होते. आता ओळ होती, ‘जाळीवर लिवीन घामानं नाव’.

मात्रा जुळत होत्या, अर्थही लागत होता, पण घामाने कोणी नाव लिहीत नाही, ते वाळून जाते. मी त्याला म्हणाले, आधीची ओळ चांगली होती, ती परत घाल, त्यात बेकायदेशीर काही नाही. कलम ४९ पुन्हा एकदा समजावून सांगितले. त्याने शेवटची पुरी तोंडात टाकली, कागद चुरगळला आणि म्हणाला, “तू आधी सनद काढ ताई. मग रगत घालतो.”